विंचवाचं बिऱ्हाड आणि दीडची शिफ्ट

पत्र: मी पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंग करते, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या चुका (बग) शोधते. क्लायंट इंग्लंडचा, शिफ्ट दुपारी दीड ते रात्री साडेदहा, काम पूर्णपणे घरून. नोव्हेंबरात नवरा आणि मी १५ दिवस कोकणात राहून काम करून पाहिलं. गुहागर, गणपतीपुळे, देवगड, मालवण अशी चार ठिकाणं केली. काम धड झालं नाही आणि फिरणंही नाही. दोनदा बग रिपोर्ट वेळेत गेला नाही, एकदा ऐन शिफ्टमध्ये वीज गेली. परतताना कुडाळहून रेल्वेत बसल्या बसल्या कॉल घेतला, तो रत्नागिरीच्या पुढे तुटला. लॅपटॉपसमोर असले की समुद्र आठवतो आणि समुद्रावर असले की लॅपटॉप. नवरा जानेवारीपासून दोन महिने बिनपगारी रजेवर आहे. या वेळी गाडी घेऊन सात आठवडे जायचं ठरवलंय. सिंधुदुर्ग जिल्हा आणि मग गोवा, दर चार-पाच दिवसांनी नवं गाव. मन एकाग्र राहावं म्हणून एखादं अॅप, टायमर किंवा उपाय सुचवाल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर: टायमर सुचवत नाही. पंचवीस मिनिटं काम आणि पाच मिनिटं विश्रांती हे गणित टेस्टिंगला तसंही बसत नाही. व्हीपीएन (कंपनीच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणी) जोडून, बिल्ड (सॉफ्टवेअरची तपासायची आवृत्ती) चढवून, डेटा भरून पहिली टेस्ट केस चालेपर्यंतच वीस मिनिटं जातात. शिवाय तुमच्या पत्रात आम्हाला मनाचा दोष फारसा दिसला नाही. दिसल्या त्या चार खोल्या.

खोली बदलण्याचा दिवस कसा जातो ते आठवून पाहा. सकाळी दहाला जुनी खोली सोडायची, नवी बारा-एकशिवाय मिळत नाही. मधले दोन-तीन तास रस्त्यावर. दीडला शिफ्ट, म्हणजे बॅगा दारात टाकून वायफायचा पासवर्ड विचारायचा, प्लग शोधायचा, टेबल नाही म्हणून पलंगावर मांडी घालायची. संध्याकाळी कळतं की या खोलीत एकाच कोपऱ्यात रेंज येते आणि तो कोपरा बाथरूमच्या दारात आहे. तुम्ही दीडला लॉगिन केलंत, पण काम सुरू झालं साडेतीनला. दुसऱ्या दिवशी घडी जरा बसते, तिसऱ्या दिवशी नीट काम होतं आणि चौथ्या रात्री पुन्हा बॅगा. सात आठवड्यांत दर चार-पाच दिवसांनी गाव बदललंत, तर दहा-बारा वेळा हे होईल. ते कुठल्याही अॅपने भरून निघणार नाही.

म्हणून पहिला आणि सगळ्यात मोठा बदल: सात आठवड्यांत दोनच मुक्काम. साडेतीन-चार आठवडे सिंधुदुर्गात आणि उरलेले गोव्यात. मुक्काम हलवायचा तो शनिवारीच. मग रविवारचा पूर्ण दिवस नेट, वीज, टेबल आणि जेवण लावून घ्यायला हाताशी राहतो. सिंधुदुर्गात आमचं मत मालवण शहराला. तालुक्याचं गाव आहे, दुकानं आहेत, मोबाइल दुरुस्तीवाला आहे, एक खोली फसली तर दुसरी सापडते. तारकर्ली तिथून सहा-सात किलोमीटर, सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी धक्क्यावरच. देवगड, कुणकेश्वर, वेंगुर्ला शनिवारी जाऊन येण्याजोगी. अगदी वाळूवरची खोली फोटोत छान दिसते, पण ती बहुतेकदा विजेच्या लाइनच्या आणि केबलच्या शेवटच्या टोकाला असते. बिघाड झाला तर शेवटच्या टोकाकडे सगळ्यात उशिरा लक्ष जातं. एकाच खोलीसाठी महिनाभराचं भाडं बोललात तर रोजच्या दरापेक्षा बरंच कमी होतं, हा वरचा फायदा.

आता खोली कशी निवडायची. फोनवर "वायफाय आहे ना?" असं विचारू नका. उत्तर कायम "आहे" असंच येतं. त्याऐवजी विचारा: नेट फायबरचं आहे की सिमवर चालणारं डोंगल? राउटर कुठल्या खोलीत आहे आणि आमची खोली तिथून किती भिंती पलीकडे? इन्व्हर्टर असेल तर त्यावर फक्त दिवे-पंखे आहेत की प्लगही? (हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. बहुतेक घरांत इन्व्हर्टरची लाइन दिव्या-पंख्यांपुरतीच ओढलेली असते आणि ते वीज गेल्यावर कळतं.) देखभालीसाठी वीज कुठल्या वारी बंद असते? मीटर ज्यांच्या नावावर आहे त्यांचा मोबाइल नंबर महावितरणकडे नोंदवलेला असेल तर नियोजित बंदचा एसएमएस त्यांना येतो. तो तुम्हाला पुढे पाठवायची विनंती करून ठेवा.

शेवटी घरमालकांना सांगा, आम्हाला देणार त्याच खोलीत उभं राहून रात्री नऊच्या सुमारास स्पीडटेस्ट करून स्क्रीनशॉट पाठवा. नऊला, कारण गावभर लोक तेव्हाच टीव्ही आणि मोबाइल बघत असतात. स्क्रीनशॉटमध्ये डाउनलोडचा मोठा आकडा पाहून हुरळून जाऊ नका. तुमच्या कामाला अपलोड लागतो. साध्या व्हिडिओ कॉलला एक ते दीड एमबीपीएस पुरतो. पण दोन मिनिटांचं बगचं स्क्रीन रेकॉर्डिंग ६० एमबीचं असेल, तर दोन एमबीपीएस अपलोडला ते चार मिनिटांत जातं आणि अर्ध्या एमबीपीएसला सोळा मिनिटं घेतं, तेही मध्ये तुटलं नाही तर. तुमचा रिपोर्ट दोनदा उशिरा गेला त्यामागे हेच असण्याची शक्यता दाट आहे. अपलोड पाच एमबीपीएसच्या वर आणि पिंग (पलीकडून उत्तर यायला लागणारा वेळ) शंभर मिलिसेकंदांच्या आत असेल तर खोली घ्या. रेकॉर्डिंग करताना पूर्ण स्क्रीनऐवजी एकच विंडो आणि सेकंदाला ३० ऐवजी १५ फ्रेम ठेवल्या तरी फाइल बरीच लहान होते. बग तेवढ्यातही नीट दिसतो.

फायबर असलं तरी मोबाइलचा आधार लागतोच आणि दोन सिम दोन वेगळ्या कंपन्यांची हवीत. गावात पोहोचल्यावर रेंजच्या कांड्या मोजू नका, आकडा बघा. अँड्रॉइडमध्ये सेटिंगमधल्या 'फोनबद्दल' भागात सिम स्टेटस उघडलं की डीबीएममध्ये (सिग्नलच्या ताकदीचं एकक) आकडा दिसतो. उणे ९० किंवा त्याहून शून्याकडे असेल तर उत्तम, उणे १०० च्या आसपास काम चालतं, उणे ११० च्या पलीकडे कॉल तुटणार. खोलीत चार जागी मोजा. जांभ्याच्या जाड भिंती आणि डोक्यावर पत्रा असला तर आत आणि पडवीत दहा-पंधराचा फरक सहज पडतो. मग लॅपटॉप आत आणि फोन पडवीकडच्या खिडकीत, अशी मांडणी करा. मात्र फोन उन्हात, चार्जिंगला आणि हॉटस्पॉट चालू असा एकदम ठेवू नका. तापला की तो स्वतःहून वेग कमी करतो आणि लोक नेटला शिव्या देत बसतात. जमेल तेव्हा हॉटस्पॉटऐवजी केबलने यूएसबी टेदरिंग करा. ते स्थिर असतं आणि फोन चार्जही होत राहतो. केबल डेटाची हवी. स्वस्तातल्या काही केबल फक्त चार्जिंगच्या असतात. आणि कॉलला ब्लूटूथऐवजी वायरचा हेडसेट. ब्लूटूथ आणि हॉटस्पॉट बहुधा एकाच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात भांडतात, आवाज तुटतो आणि पलीकडच्याला वाटतं तुमचं नेट वाईट आहे.

रोज दीड-दोन जीबीच्या प्रीपेड प्लॅनवर तासाचे दोन ग्रुप व्हिडिओ कॉल झाले की कोटा संपत येतो आणि मग वेग ६४ केबीपीएसवर बसतो. रात्री साडेनऊला अचानक काहीच उघडेनासं झालं, तर आधी हे तपासा. मोबाइल नेटवर असताना कॅमेरा बंद ठेवून फक्त आवाजावर आलात तर तासाला शंभर एमबीसुद्धा लागत नाहीत. लॅपटॉपला हॉटस्पॉट 'मीटर्ड कनेक्शन' म्हणून नोंदवा, नाहीतर विंडोज ऐन कॉलमध्ये अपडेट ओढायला घेतं. दोघांच्याही फोनमधला फोटोंचा बॅकअप शिफ्टच्या वेळात बंद. नवऱ्याने सकाळी काढलेले समुद्राचे व्हिडिओ दुपारी दोनला ढगात चढायला लागले की तुमचा अपलोड तिथेच संपतो.

विजेसाठी दोन वस्तू पुरतात, पण नेमक्या घ्या. एक, २०,००० एमएएचची पॉवर बँक. तिच्यावर 'पीडी' (लॅपटॉपही चार्ज करू शकणारी पद्धत) आणि ४५ किंवा ६५ वॅट लिहिलेलं हवं. बाजारात सर्रास मिळणारी २२.५ वॅटची लॅपटॉपला बहुधा पुरत नाही. तुमचा लॅपटॉप सी-टाइप पोर्टवरून चार्ज होतो ना, हेही आधी बघा. २०,००० एमएएच म्हणजे ७४ वॅट-तास, त्यातले ६० च्या आसपास हाती येतात. टेस्टिंगच्या साध्या कामात लॅपटॉप सरासरी वीस वॅट खातो, म्हणजे तीन तास. लॅपटॉपची स्वतःची बॅटरी धरून पाचेक तास निघतात. (परत येताना विमानाने यायचं ठरलं तर ती हातातल्या बॅगेत ठेवा, शंभर वॅट-तासांपर्यंत चालते, पण चेक-इनच्या सामानात मुळीच नाही.) दुसरी वस्तू राउटरसाठीचा छोटा डीसी यूपीएस, म्हणजे वीज गेल्यावर राउटर चालू ठेवणारी बॅटरी. घेण्याआधी राउटरच्या अडॅप्टरवरचा व्होल्ट वाचा. बहुतेक १२ व्होल्टचे असतात, पण ९ आणि ५ चेही सापडतात, आणि चुकीचा व्होल्ट लागला तर घरमालकांचा राउटर जळतो. हे करूनही नेट जाऊ शकतं, कारण गावातल्या केबलवाल्याच्या डब्याची वीजही तुमच्याबरोबरच गेलेली असते. टॉवरची बॅटरीही लांबलेल्या बंदमध्ये उतरते. म्हणून पहिल्या रविवारी एक काम करा: जवळपास जनरेटर असलेलं मोठं हॉटेल शोधा, त्यांच्या रेस्टॉरंटमध्ये दुपारी बसायची परवानगी आणि दर विचारून ठेवा. वीज बाराला गेली आणि साडेबारापर्यंत आली नाही, तर तिकडे निघा. एक पंचवीसला निघण्यात अर्थ नसतो.

कॅफेबद्दल एवढंच, की नऊ तासांच्या शिफ्टला ती जागा नाही. खुर्ची चुकीची, गाणी मोठी आणि दर तासाला काहीतरी मागवावं लागतं.

टेबल ७२ ते ७५ सेंटिमीटर उंच लागतं. जेवणाचं टेबल साधारण तेवढंच असतं. टीपॉयवर तीन दिवस काम केलंत तर चौथ्या दिवशी मान बोलते. प्लास्टिकची खुर्ची जरा बुटकी पडते, चादरीची घडी घालून ती उंच करा. घरून वेगळा कीबोर्ड आणि माउस न्या आणि लॅपटॉप डब्यावर किंवा पुस्तकांवर १२-१५ सेंटिमीटर चढवा. तोंड समुद्राकडे करून बसायचा मोह होईल. पाठ समुद्राकडे करा, पण खिडकी बाजूला येईल अशी. ती थेट मागे असली तर कॉलवर तुमची नुसती काळी आकृती दिसते.

आता तुमच्या खऱ्या दुखण्याकडे, म्हणजे लॅपटॉपसमोर समुद्र आणि समुद्रावर लॅपटॉप. यात एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. हिवाळ्यात इंग्लंड आपल्या साडेपाच तास मागे असतं. जानेवारीत मालवणला सूर्य सव्वासहा-साडेसहाच्या दरम्यान बुडतो, फेब्रुवारीअखेर पावणेसातच्या जरा आधी. तेव्हा तिकडे पाऊण ते सव्वा वाजलेला असतो, म्हणजे तुमच्या क्लायंटची जेवणाची सुट्टी. सूर्यास्ताच्या वेळी तुम्हाला कोणी शोधत नसतं. तरीही तुम्ही जागेवर बसून खिडकीतून उजेड जाताना बघत होतात.

तर दिवस असा लावा. सकाळी साडेसहा ते नऊ समुद्र, मग आंघोळ-न्याहारी. दहा ते साडेअकरा काम: त्या वेळी तिकडे पहाट असते, एकही मेसेज येत नाही. टेस्ट केसेस लिहिणं, किचकट बग पुन्हा घडवून बघणं, जे डोकं लावून करायचं ते सगळं या दीड तासात. बाराला जेवण. सुरमईची भरगच्च थाळी आणि वर सोलकढी ही शनिवारची गोष्ट. शिफ्टच्या दिवशी भात अर्धा, नाहीतर अडीचच्या कॉलला पापण्या जड होतात. दीड ते पावणेसहा शिफ्ट. पावणेसहा ते सव्वासात सुट्टी, फोन खिशात, मेसेजचा आवाज बंद आणि फक्त रिंग चालू, लॅपटॉप खोलीत. सव्वासात ते दहा पुन्हा काम. बेरीज साडेआठ तास होते, जेवणाची सुट्टी वजा केलेल्या तुमच्या शिफ्टइतकीच.

हे गुपचूप करू नका. लीडला (टीमच्या प्रमुखाला) निघण्याच्या आठवडाभर आधी लिहा: "जानेवारी-फेब्रुवारीत मी मालवण आणि गोव्यातून काम करणार आहे. भारतीय वेळेप्रमाणे १० ते ११.३०, १.३० ते ५.४५ आणि ७.१५ ते १० उपलब्ध असेन. ५.४५ ते ७.१५ या वेळात तातडीचं असल्यास फोन करा. दहानंतर काही अडलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला ते पहिलं घेईन." कॅलेंडरवर ती दीड तासाची पट्टी अडवून टाका. लीडला रात्री साडेदहापर्यंत माणूस हवाच असेल तर सकाळचा अर्धा तास कमी करा, संध्याकाळची सुट्टी सोडू नका. कंपनीच्या आयटीवाल्यांनाही कळवा. अचानक वेगळ्या ठिकाणाहून लॉगिन दिसलं की काही ठिकाणी खातं आपोआप अडतं आणि ते सोडवण्यात दुपार जाते. मुक्काम एप्रिलपर्यंत वाढवायचा विचार असेल तर लक्षात ठेवा, मार्चच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास पुढे जातात, शिफ्ट साडेबाराला सुरू होते आणि सूर्यास्त त्यांच्या जेवणानंतर पडतो.

रात्रीच्या जेवणाचं आधी ठरवा. गावातल्या खानावळी साडेनऊनंतर आवरायला लागतात आणि तुम्ही दहाला उठणार. घरमालकिणीला पहिल्याच दिवशी सांगा: काकू, आमचं रात्रीचं ताट आठला झाकून ठेवाल का? किंवा सव्वासातला परत येताना दोघांनी आटपूनच या. उपाशीपोटी साडेनऊला लिहिलेला बग रिपोर्ट सकाळी वाचवत नाही.

रेल्वेतला कॉल तुटला त्यात नेटचा दोष नव्हता. कोकण रेल्वेवर ९१ बोगदे आहेत आणि त्यातला सगळ्यात लांब, साडेसहा किलोमीटरचा करबुडे, कुडाळहून येताना रत्नागिरी सोडल्यावरच लागतो. गाडी त्यातून बाहेर येईपर्यंत पाच मिनिटं जातात. तेवढ्यात कॉल गेलाच. प्रवासाच्या दिवशी कॉल ठेवायचा नाही. नेटशिवाय होणारं काम मात्र आदल्या रात्री उतरवून घ्या: स्पेसिफिकेशनची पीडीएफ, जुन्या केसेसची एक्सेल. अशी चार-पाच कामांची यादी एरवीही हाताशी असू द्या. वीज गेल्यावर "आता काय करू" या विचारात जो तास जातो, तो त्या यादीने वाचतो. घाटात गाडीत मात्र वाचायला जाऊ नका, मळमळेल.

राहता राहिला तुमचा नवरा. तो सुट्टीवर, तुम्ही कामावर, आणि दोघं एका खोलीत. "अजून किती वेळ?" हा प्रश्न तो प्रेमानेच विचारत असेल, पण दर वेळी धागा तुटतो. एक खूण ठरवा: हेडसेट कानावर असेल तोवर बोलायचं नाही, कॉल चालू असो वा नसो. दुपारचा त्याचा वेगळा कार्यक्रम असू द्या. किल्ला, बाजार, पोहणं, जे आवडेल ते, पण खोलीबाहेर. आणि गोव्यातली खोली त्यानेच शोधावी, वरचे प्रश्न विचारून. शक्य असेल तर फेब्रुवारीच्या आधीच्या एका शनिवारी जाऊन टेबलाची उंची आणि डीबीएमचा आकडा त्याने स्वतः मोजून यावं. मेजरिंग टेप गाडीतच ठेवा.